टाळूतला आवाज

शेखर त्या मंगळवारी पौडला गेला तो फक्त हेडफोनच्या गाद्या बदलून घ्यायला. काम अर्ध्या तासाचं. मुळशीहून नऊला निघायचं, बाजारात हाफीजभाईंकडून गाद्या बसवून घ्यायच्या, सायलीने सांगितलेले वाल आणि गूळ घ्यायचा, की अकराच्या आत घरी. भातकापणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या भाताच्या पेंढ्या पसरल्या होत्या, ऊन कोवळं होतं आणि धरणाचं पाणी पार ताम्हिणीच्या बाजूपर्यंत निवांत पडलं होतं. असल्या सकाळी भित्र्यातल्या भित्र्या माणसाच्या मनातही भलतासलता विचार येत नाही, आणि शेखर तर स्वतःला भित्रा समजतच नव्हता.

हाफीजभाईंचं दुकान म्हणजे एके काळचा रेडिओ-टेपरेकॉर्डरचा दवाखाना. आता पुढच्या काचेत मोबाईलची कव्हरं लटकतात, पण आतल्या टेबलावर अजूनही कुणाकुणाचे ट्रान्झिस्टर पोट उघडून पडलेले असतात. हाफीजभाईंनी हेडफोन हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"हे तर इंद्रजितसाहेबांचे."

"होते. आता माझे," शेखर म्हणाला.

हे त्याला गेली दोन वर्षं फार वेळा म्हणावं लागत होतं. मुळशीचा बंगला इंद्रजितचा होता, आता माझा. व्हरांड्यातला झोपाळा, जुनी जीप, टेपच्या खोक्यांनी भरलेलं कपाट, सगळं आता माझं. सायलीच्या बाबतीत तो हे कधी तोंडाने बोलला नाही, पण मनातल्या मनात रोज एकदा म्हणून घ्यायचा, सकाळचं औषध घ्यावं तसं.

खरं सांगायचं तर शेखरने इंद्रजितला जन्मभर पाण्यात पाहिलं. आणि तेही त्याच्याच ताटात जेवून. दोघं कॉलेजपासूनचे मित्र, दोघांनाही आवाजाचं वेड. शेखर हिंजवडीत नोकरी करून दर वर्षी नवंकोरं यंत्र विकत घ्यायचा, आणि इंद्रजित जुन्या बाजारातून कुणीतरी टाकून दिलेलं उचलून आणायचा. ऐकायला बसलं की जिंकायचं ते टाकून दिलेलंच. हे हेडफोनही तसेच आलेले. पन्नास वर्षांपूर्वीचे, जर्मन बनावटीचे, डोक्यावर घातले की मान आखडेल इतके जड. पण कानावर बसले की जग गप्प व्हायचं, आणि मग दुसरं एक जग चहूबाजूंनी हळूहळू उघडायचं. इंद्रजित माहितीपटांसाठी आवाज टिपण्याचं काम करायचा. त्याचे कान देवाने सवड काढून घडवले होते, असं सगळे म्हणत. शेखरही म्हणायचा, आणि त्या रात्री त्याला झोप यायची नाही.

मग इंद्रजितने सायलीशी लग्न केलं आणि शेखरचं लग्न राहूनच गेलं. का राहिलं ते इंद्रजित सोडून सगळ्यांना कळलं होतं.

चार वर्षांपूर्वी इंद्रजितच्या छातीत कळ आली आणि गाडी पौड ओलांडायच्या आत तो संपला. धावपळ सगळी शेखरने केली. कागदपत्रं केली, सायलीला सावरलं, दर रविवारी भूगावच्या फ्लॅटवरून मुळशीला येत राहिला, आणि दोन वर्षांनी सायलीने त्याला हो म्हटलं. अट एकच. मुळशीचं घर सोडायचं नाही. शेखरने नोकरी सोडली, फ्लॅट भाड्याने दिला आणि मित्राच्या घरात राहायला आला.

सायली त्याच्याशी चांगली वागायची. दुखणं त्यातच होतं. चांगल्या पाहुण्याशी वागावं तशी ती चांगली वागायची. त्याच्या आवडीची भाजी करायची, त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळायची, आणि तो खोलीत आला की जरा सावरून बसायची.

हाफीजभाईंनी गाद्या बसवल्या. जुन्या गाद्या टाकून देताना त्यांनी त्या नाकाशी नेल्या. "माक्याच्या तेलाचा वास हाय अजून," ते म्हणाले. शेखरला तो वास ओळखीचा होता. इंद्रजित डोक्याला माक्याचं तेल लावायचा. नव्या गाद्यांना अर्थात नव्या रेक्झिनचा वास होता, आणि त्याचंच शेखरला जास्त समाधान वाटलं.

त्याच दुपारी त्याने कपाट उघडलं.

आत सत्तावीस खोकी होती, प्रत्येकात टेपचं एक स्पूल. इंद्रजितला एक नाद होता. मटारच्या दाण्याएवढे दोन माईक तो स्वतःच्याच कानांत घालायचा आणि हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत तासतासभर बसून घर टेप करायचा. माणसाच्या दोन कानांवर आवाज जसा पुढून, मागून, वरून येतो तसाच तो टेपवर उतरतो. ऐकणाऱ्याने डोळे मिटले की तो त्या खुर्चीत, त्या दुपारी, त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या रिसॉर्टांत डीजे ठणाणतो, म्हणून सगळी टेपिंग मधल्या वारांची, दुपारची. खोक्यांवर इंद्रजितचं तिरपं अक्षर होतं. 'बुधवार. स्वयंपाकघर.' 'सोमवार. झाडू, बुलबुल, सायली.'

असं टेप करण्याचा एकच कडक नियम असतो. ज्याच्या कानात माईक, त्याने बोलायचं नाही. बाकीचे आवाज ऐकणाऱ्याच्या आजूबाजूला राहतात. त्याचा स्वतःचा आवाज मात्र ऐकणाऱ्याच्या बरोबर टाळूत येतो, जणू आपणच बोललो. सगळी मजा जाते. इंद्रजितने हा नियम पाळला होता. सत्तावीस टेपांत तो मुका होता, निदान शेखरला तेव्हा तसं वाटलं आणि बरंही वाटलं.

त्याने इंद्रजितच्या टेप-मशीनला हेडफोन जोडले आणि वेताच्या खुर्चीत बसून पहिली टेप लावली. खोली नाहीशी झाली. डाव्या हाताला दुसऱ्याच कुठल्यातरी वर्षातली फोडणी तडतडली. मागे दूर अंगणात झाडू फिरला. मग बांगड्या वाजल्या, पावलं जवळ आली, खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात पडला तसा वेत करकरला, आणि उजव्या कानाशी, केसांना वारा लागावा इतक्या जवळ, सायली कुजबुजली, "झोपलास का रे?"

शेखरच्या अंगावर काटा आला. त्याने दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सायली वरच्या खोलीत मुलांचा ऑनलाइन तास घेत होती.

'का रे.' दोन वर्षांत तिने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला चटक लागली. सायलीचे तास एक ते तीन चालायचे. तेवढा वेळ शेखर खुर्चीत. टेपवरची सायली गुणगुणायची, रुसायची, खांद्यावर हनुवटी ठेवून गावातल्या गोष्टी सांगायची, आणि ती सगळी माया शेखरच्या कानांत ओतली जायची. तीन वाजता तो हेडफोन काढायचा. मग जिन्यावरून खरी सायली उतरायची आणि नीट, हळू आवाजात विचारायची, "चहा ठेवू ना?" त्याला त्या वेळी तिचा राग यायचा. चोरून प्यायलेलं दूधही त्याच्या अंगी लागत नव्हतं. जिवंत माणसाचा हेवा करावा, त्याच्याशी भांडता तरी येतं. मेलेल्याशी कुठे जाऊन भांडणार?

एकदा सायली लवकर खाली आली. दारातच थांबली. त्याच्या डोक्यावर ते हेडफोन पाहून तिचा चेहरा क्षणभर असा काही उजळला की शेखरच्या काळजात कळ गेली, कारण तो उजेड त्याच्यासाठी नव्हता. मग ती भानावर आली.

"त्यातल्या एका टेपवर तो बोललाय," ती म्हणाली. "एकाच. मला अजून ऐकायचा धीर होत नाही. पण होईल कधीतरी. ती तेवढी जपून ठेव, शेखर. बाकीच्यांचं तू काय हवं ते कर."

"काय बोललाय?"

"ते माझं मला राहू दे ना."

झालं. आगीत तेल पडलं.

लीलाबाई घरकामाला यायची. बंगल्याची जमीन एके काळी तिच्याच सासऱ्याची. तिचा नवरा नथू धरणात मासे धरायचा. ती सगळं पाहायची आणि पोटात काही ठेवायची नाही. एके दिवशी फरशी पुसताना ती खुर्चीपाशी थांबली.

"सायेब, रागावनार न्हाई तर येक इचारते."

"बोल."

"दुसरेपनावर दिलेली पोर आसंल, तर ती गळ्यात सवतीचा टाक, तिच्या नावाची चांदीची मूर्त, घालती. आदी मेलेलीचा मान, मंग हिचा संसार. मंग ती काय तरास देत न्हाई. बाप्यांसाटी आसलं काय न्हाई बगा. पर तुमी त्यांच्याच खुर्चीत बसतायसा, त्यांचंच कानाला लावतायसा... त्यांचा काय मान केलाय का तुमी?"

"काय करायचं असतं?" शेखर हसत म्हणाला.

"लई काय न्हाई. पयला घास बाजूला काडायचा, नाव घ्यायचं. म्हनायचं, तुजं तुला पावलं, आता माजं मला दे."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," शेखर म्हणाला. "जिवंत होता तेव्हा पुष्कळ मान केला मी त्याचा. आता पुरे."

लीलाबाईने फडकं पिळलं. त्या खुर्चीखालची फरशी मात्र तिने त्या दिवशी पुसली नाही. पुढेही कधी पुसली नाही.

ती टेप त्याला एकोणिसाव्या खोक्यात सापडली. वर लिहिलं होतं, 'गुरुवार. विशेष काही नाही.' अर्धा तास खरोखरच विशेष काही नव्हतं. सायली समोर काहीतरी निवडत बसली होती. मग ती म्हणाली, "ए, आपल्यातलं कुणी आधी गेलं तर?" तिचं निवडणं थांबलं. "सांग ना. मरू दे तुझं रेकॉर्डिंग. सांग."

आणि शेखरच्या डोक्याच्या मधोमध, टाळूखाली, इंद्रजित बोलला.

"कुणीही गेलं तरी मी इथेच बसणार. मी काही उठत नाही."

शेखरचे दात एकमेकांवर आपटले. शब्द आपल्याच तोंडून गेल्यासारखे वाटले. त्याने तोंडावर हात ठेवला, ओठ मिटलेले होते. टेपवर सायली हसत होती, हसता हसता रडत होती, आणि मग ती उठून जवळ आली आणि दोन्ही कान तिच्या पदराने झाकले गेले. पुढे कितीतरी वेळ फक्त कापड आणि हृदयाचे ठोके.

शेखरने टेप थांबवली. एखाद्याला भीती वाटली असती, एखाद्याला रडू आलं असतं. शेखरला वाटलं ते तिसरंच होतं. माणूस मेला, जळला, तेरावा झाला, तरी हा उठत नाही!

संध्याकाळी त्याने सायलीला सांगितलं की ती टेप बुरशीने गेली. तळाच्या खोक्यातलं एक स्पूल खरंच बुरसटलं होतं, ते त्याने पुढे केलं. मुळशीत चार महिन्यांच्या पावसात चपलांनासुद्धा बुरशी धरते, खोटं वाटायचं कारणच नव्हतं. सायलीने ते स्पूल हातात घेतलं, पाहिलं, परत दिलं.

"बरं," ती म्हणाली. आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

शेखरला अपराधी वाटलं का? वाटलं. पण सुटल्यासारखं जास्त वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने फार मऊ आवाजात सुचवलं, "आपण नवी टेप करू. आपली. तू बोल, मी ऐकतो." त्याला वाटलं ती नाही म्हणेल. ती चक्क हो म्हणाली.

गुरुवारी तीन वाजता, सायलीचे तास संपल्यावर, त्याने एकोणिसावं स्पूल मशीनवर चढवलं. दुसरी कोरी टेप घरात होती. पण त्याला हीच पुसायची होती, आणि पुसायची ती सायलीच्याच आवाजाने. इंद्रजितचे माईक त्याने कानांत घातले. ते गार होते आणि अगदी मापाचे बसले. तो वेताच्या खुर्चीत टेकला. समोर जमिनीवर सायली मोड आलेल्या डाळिंब्या सोलायला बसली. मशीन फिरू लागलं. शेखरने ओठ मिटून घेतले. नियम तो नियम.

पहिली पाच मिनिटं ती नुसती सोलत होती. मग बोलायला लागली, आणि काय सांगावं, ती टेपवरच्यासारखी बोलायला लागली! माहेरच्या गोष्टी, शाळेतल्या गमती, मध्येच खुदकन हसू. बोलता बोलता ती थांबायची, मान तिरकी करायची, ऐकल्यासारखं करायची, आणि पुन्हा सुरू. "छे, तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते." थांबायची. "तो? तो दिला मी नथूभाऊंना. घालतात ते कापणीला." पुन्हा थांबली, पुन्हा हसली. शेखर हलला नाही. तो हावरटासारखा ऐकत राहिला. शेवटाकडे ती एकदा बराच वेळ गप्प झाली. हातातली डाळिंबी तशीच राहिली. मग तिने वर पाहिलं, थेट त्याच्या डोळ्यांत, आणि हलकेच म्हणाली, "माहितेय मला."

शेखरचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपल्या मनातलं हिने न बोलता ओळखलं. चाळीस मिनिटं झाली होती. दोन वर्षांच्या संसारातली तीच चाळीस मिनिटं काय ती त्याची होती.

शुक्रवारी सकाळी उशिरा, सायली वर असताना, त्याने ती टेप ऐकायला घेतली. मशीनने आपली घरघर टिपली होती, ती मागे बारीक ऐकू येत होती. समोर खाली डाळिंब्या भांड्यात पडत होत्या. टप. टप. नव्या गाद्यांना कसला तरी वास येत होता. त्याने लक्ष दिलं नाही. वास माक्याच्या तेलाचा होता.

सायली सांगत होती, "...आणि आई म्हणाली, मुलगा बोलतच नाही."

ती थांबली. आणि टाळूखालून, शांत, ओळखीच्या आवाजात उत्तर आलं, "तू दुसऱ्या वर्षाला होतीस तेव्हा."

"छे, तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते."

शेखरच्या हाताची बोटं खुर्चीच्या वेतात रुतली. जिथे जिथे ती थांबली होती, तिथे तिथे तो बोलत होता. एकही जागा रिकामी नव्हती. "माझा निळा सदरा कुठेय?" तो विचारत होता. "तो? तो दिला मी नथूभाऊंना." तो विनोद करत होता, आणि ती त्याला हसत होती. शेखरला त्या हसण्याची एकेक लकेर पाठ होती. कालपासून ती त्याने उराशी धरली होती. परक्याच्या वाढदिवसाचं जेवण आपलं समजून जेवल्यासारखी त्याची गत झाली.

जुनी टेप नीट पुसली गेली नसेल, त्याने स्वतःला समजावलं. खालचा आवाज वर आला असेल. असं होतं कधी कधी... पण निळा सदरा नथूला दिला तो गेल्या महिन्यात. ते जुन्या टेपवर कसं असेल?

शेवट जवळ आला. डाळिंब्या पडायच्या थांबल्या.

"बुरशी लागली नव्हती, सायली," टाळूतला आवाज म्हणाला. "त्यानेच पुसली."

लांबून एक पाणकोंबडा ओरडला. मग तिचं, हलकेच, "माहितेय मला."

स्पूल संपून टेपचं शेपूट फटफट आपटत राहिलं. न्हाणीघरात पाणी पडत होतं. शेखरने मशीन, हेडफोन, टेप, सगळं गाडीत टाकलं आणि सायलीला न सांगताच पौड गाठलं.

दुकान बंद होतं. जुम्म्याचा दिवस, हाफीजभाई नमाजाला गेले होते. शेखर दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. साडेबारा, एक, दीड. समोरच्या चहावाल्याने दोनदा विचारलं. तो हलला नाही. अडीचच्या सुमाराला हाफीजभाई टोपी घडी करत आले, त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कुलूप काढलं.

त्यांनी पूर्ण टेप ऐकली. चाळीस मिनिटं डोळे मिटून. शेखर त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा होता.

"ऐकला?" त्याने विचारलं. "तो आवाज..."

"ऐकला की. तुमी बोलतायसा."

"मी नाही! मी तोंडसुद्धा उघडलं नाही. इंद्रजित आहे तो."

"साहेब," हाफीजभाई समजुतीने म्हणाले, "इंद्रजितसाहेबांचा आवाज मी वीस वरसं ऐकलाय. हा तुमचाच हाय. आपला आवाज टेपवर आपल्याला वळखू येत न्हाई, परक्याचा वाटतो. समद्यांचं तसंच हुतं."

शेखरच्या जिवात जरा जीव आला. म्हणजे आपण बोललो असू. भान नसेल राहिलं. माणसाचं होतं असं. पण हाफीजभाईंनी हेडफोन अजून खाली ठेवले नव्हते. ते एकदा टेपकडे, एकदा शेखरच्या छातीकडे बघत होते.

"येक सांगू का? मानूस बोलायच्या आदी दम घेतो. बाईसाहेबांचा दम पाक सुईच्या टोकावानी ऐकू येतोय." त्यांचा आवाज खाली गेला. "तुमचा न्हाई. चाळीस मिंटं बोललायसा... आन् येकदाबी श्वास न्हाई."

त्यांनी सगळं उचलून शेखरच्या हातात दिलं. "हे हितं नगा ठिवू," एवढंच म्हणाले आणि आत वळले.

गाडी चालवताना शेखर मोठमोठ्याने श्वास घेत होता, तो ऐकू येतोय ना हे पाहत होता. माले गाव मागे पडलं. डावीकडे धरणाचं पाणी उन्हात पांढरं झालं होतं. त्याने मनाशी ठरवलं, आज सायलीला सगळं सांगायचं. खोटं बोललो, जळून बोललो, टेप मी पुसली, मला माफ कर. आयुष्यात पहिल्यांदा तो इंद्रजितच्या पुढे एक पाऊल टाकणार होता. तिला खरं सांगितलं की ती माझी होईल. आणि हे घर सोडू, भूगावला जाऊ. अजून वेळ गेलेली नाही.

तो पोचला तेव्हा साडेचार झाले होते. सायली व्हरांड्यात झोपाळ्यावर बसली होती, केस मोकळे, पाय वर घेतलेले. इतकी निवांत त्याने तिला कधी पाहिली नव्हती. तो पायऱ्या चढला आणि उभ्या उभ्याच सुरू झाला.

"सायली, मला बोलू दे. ती टेप... तिला बुरशी लागली नव्हती. मी पुसली. मुद्दाम. मला सहन होत नव्हतं..."

तिने झोपाळा थांबवला. तिच्या कपाळावर एक आठी आली, पण रागाची नव्हती.

"किती वेळा तेच तेच सांगशील, शेखर? झालं ना बोलून दुपारी. मी माफसुद्धा केलं."

"दुपारी?"

"जेवताना."

"दुपारी मी पौडला होतो. सकाळपासून. हाफीजभाईंना विचार."

सायली हसली. मग त्याच्याकडे नीट पाहून हसायची थांबली. "काय झालंय तुला? डाळिंब्यांची उसळ दोनदा मागून घेतलीस. हात धुवायच्या आधीच सगळं सांगून टाकलंस. म्हणालास, आता हे घर सोडायचा विषय कधीच काढणार नाही." ती क्षणभर थांबली, आणि पुढचं बोलताना तिच्या आवाजात ती माया आली, जिच्यासाठी शेखरने महिनाभर दुपारी जाळल्या होत्या. "किती छान बोललास तू. असाच बोलत जा की. लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदा वाटलं, मी एकटी नाही."

कुणी सांगितलं तिला? कुणाला केलं तिने माफ? त्या क्षणी माणसाला भीती वाटायला हवी. आणि वाटलीही असती, पण आधी त्याला हेवा वाटला, उभा जाळणारा. सकाळपासून उन्हात, उपाशी, पायरीवर बसला तो, आणि क्षमा जेवून गेला दुसराच.

"सायली, तो मी नव्हतो," तो म्हणाला. "ऐक माझं. इथून चल. आत्ताच्या आत्ता. माझ्याबरोबर चल."

तिने त्याचा चेहरा पाहिला, विस्कटलेले केस पाहिले, त्याच्या छातीचा भाता वरखाली होताना पाहिला. आणि ती जरा मागे सरकली. सावरून बसली. अगदी पूर्वीसारखी.

"तू दमलायस," ती हळू, नीट आवाजात म्हणाली. "बस जरा. मी पाणी आणते." आणि उंबरठ्याशी वळून, अर्धवट स्वतःशी, "दुपारी किती बरा होतास."

ती आत गेली. शेखर झोपाळ्याच्या साखळीला धरून उभा राहिला. आतून माठावरचं झाकण वाजलं, मग पेला. मग तिचा आवाज आला. कुणाला तरी ती काहीतरी सांगत होती, आणि मध्येच थांबत होती. लीलाबाई केव्हाच घरी गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

शेखरने श्वास रोखला आणि कान दिला. हेडफोन गाडीत होते. यंत्र गाडीत होतं. तरी थांबलेल्या त्या जागेत, वेताच्या खुर्चीच्या बाजूने, एक आवाज स्वच्छ ऐकू आला. या वेळी त्याला तो ओळखू आला. तो त्याचा स्वतःचाच होता.

"सायली!" त्याने दारातून हाक मारली. जीव तोडून मारली.

आत दोघंही क्षणभर गप्प झाली. मग पावलं दाराकडे आली, बांगड्या वाजल्या, आणि आतून कडी लागली.